उपदेश पुरेसा नाही, छप्परही हवे

दिवाळी सरली की सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अक्कलकुवा तालुक्यातील पाडे रिकामे होऊ लागतात. मोलगीच्या डोंगरपट्ट्यातून, काठी-डाबच्या परिसरातून भरलेल्या गाड्या उतरतात आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गाने गुजरातच्या दिशेने निघून जातात. बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांचा ऊस तोडणारे हजारो हात खानदेशातील वनवासी बांधवांचे आहेत, ही गोष्ट नवी नाही. गेल्या अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा क्रम अखंड चालू आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको कोयता घेऊन निघतात. त्यांच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांची, शाळा सुटलेली मुले-मुलीही निघतात. काही तरुण उसाऐवजी सुरतेच्या बांधकामांवर जातात आणि सकाळी मजूरनाक्यावर उभे राहून रात्री पुलाखाली पथारी पसरतात.

या तरुणांना सरकारी व्याख्येत बहुधा 'बेघर' म्हटले जात नाही. त्यांचे गावी घर असते, रेशनकार्डावर नाव असते. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या टेंभली गावात दिले गेले, तेही याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात आहे. ओळखीची कमतरता आता कागदावर तरी उरलेली नाही. परंतु वर्षातील पाच-सहा महिने हा तरुण प्रत्यक्षात कुठे राहतो? उसाच्या पाचटाची कोपी, प्लास्टिकचे छत, कारखान्याच्या गाड्यांच्या वेळेनुसार अर्ध्या रात्री उठण्याची सक्ती, आंघोळीला कालव्याचे पाणी आणि शौचाला उघडे शेत, असे त्याचे जीवन असते. दाराला कडी नाही, कारण दारच नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले आणि त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. या आकड्यात अक्कलकुव्याच्या मुलांची नोंद असो वा नसो, घराचे जे संरक्षण माणसाला मिळते त्यापासून ती तितकीच वंचित आहेत. या वंचिततेचा एक परिणाम असा आहे की ज्याविषयी आपल्या घरांत आणि बैठकांत बोलण्याचे बहुधा टाळले जाते. तो परिणाम म्हणजे एचआयव्हीचा धोका.

भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९८ मध्ये महाराष्ट्राची स्वतंत्र राज्य एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. त्या दशकात महामार्गांवरील ट्रकचालक आणि मुंबईची वेश्यावस्ती यांच्या पलीकडे या रोगाची कल्पना सामान्य माणूस करत नव्हता. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत, आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी, एआरटी औषधे मोफत मिळू लागली आणि चित्र पालटले. २०१७ पासून तर संसर्ग निश्चित होताच, प्रतिकारशक्ती किती खालावली याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज देशातील प्रौढांमध्ये संसर्गाचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. नवे संसर्ग २०१० च्या तुलनेत बरेच घटले आहेत. ही देशाच्या आरोग्यव्यवस्थेची अभिमानास्पद कामगिरी आहे. तरीही सुमारे पंचवीस लाख भारतीय हा विषाणू घेऊन जगत आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या ज्या राज्यात आहे ते राज्य महाराष्ट्र आहे, याचा विसर पडून चालणार नाही.

रोग आटोक्यात येऊ लागला की तो समाजाच्या कडेला सरकतो. जेथे दवाखाना, शाळा आणि घर ही तिन्ही पोहोचत नाहीत, तेथे तो दबा धरून बसतो. बेघर तरुणाला असलेला धोका हा त्याच्या स्वभावातील दोषातून उत्पन्न होत नाही, तो त्याच्या परिस्थितीतून उत्पन्न होतो. रेल्वे स्थानकावर झोपणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला रात्री कोणीतरी जेवण देतो, निजायला सुरक्षित कोपरा देतो आणि त्याची किंमत त्याच्या शरीराने वसूल करतो. मुलींच्या बाबतीत हे घडते हे समाज जाणतो; मुलग्यांच्या बाबतीतही ते घडते हे मान्य करायला तो अजून तयार नाही. भूक आणि थकवा विसरण्यासाठी ही मुले व्हाइटनर किंवा चिकटद्रव हुंगतात. त्यातून विषाणू येत नाही, परंतु भान जाते, नकार देण्याची शक्ती जाते. पुढे काहींच्या हाती सुई येते आणि एक सुई अनेकांत फिरली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. कोपीवर राहणाऱ्या मुलीला मुकादमाच्या माणसाला 'नाही' म्हणण्याचे बळ नसते, कारण तिच्या बापाच्या डोक्यावर उचल असते. लैंगिक आजाराची लागण झाली तर लाजेपोटी आणि रजेअभावी उपचार होत नाहीत आणि उपचाराविना राहिलेल्या अशा आजारामुळे एचआयव्हीचा शिरकाव अधिक सुलभ होतो. जत्रा-बाजारात एकाच सुईने अनेकांना गोंदण्याची पद्धत किंवा न उकळलेल्या सुईने इंजेक्शन देणारा गावातील तथाकथित डॉक्टर, ही धोक्याची लहान परंतु सहज टाळता येण्याजोगी ठिकाणे आहेत.

यंत्रणा नाही असे मुळीच नाही. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत, तेथे चाचणी मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. औषधे घेणाऱ्या रुग्णाला दुसऱ्या गावच्या केंद्राकडे हस्तांतरित करण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. परंतु ही साखळी तुटते ती राज्याच्या सीमेवर आणि हंगामाच्या वेळापत्रकावर. जूनमध्ये गावी औषध सुरू झालेला तरुण नोव्हेंबरात गुजरातमध्ये जातो. हस्तांतरणाचा कागद घ्यायचा असतो हे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितलेले नसते. भिली, पावरी, देहवाली बोलणाऱ्या या तरुणाला महाराष्ट्रातील मराठी फलक जेवढा परका तेवढाच सुरतेतील गुजराती फलकही परका असतो. औषधाची बाटली कोपीत कुठे लपवायची, टोळीत कोणी पाहिली तर काय सांगायचे, हा प्रश्न त्याच्यासाठी विषाणूपेक्षा मोठा होतो. गोळ्या सुटतात. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातील विषाणू इतका दबतो की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, हे आज शास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे. गोळ्या सुटल्या की हा लाभ जातो आणि विषाणू औषधाला दाद न देणारा होण्याची भीती उभी राहते. गर्भवती स्त्रीची कथा याहून गंभीर आहे. उपचार न मिळाल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. उसाच्या फडात सहावा-सातवा महिना घालवणाऱ्या मातेची चाचणीच झाली नाही, तर त्या बाळाच्या नशिबी कोणता आकडा येईल हे केवळ दैवावर सोडले जाते.

येथे एका जुन्या वादाकडे वळणे भाग आहे. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वादळ उठले आणि महाराष्ट्रात त्या कार्यक्रमाला स्थगिती मिळाली. त्या पुस्तिकांतील चित्रे आणि भाषा आपल्या समाजाच्या वृत्तीशी विसंगत होती, हा आक्षेप निराधार नव्हता. परदेशांत तयार झालेला साचा जसाच्या तसा येथील वर्गावर लादणे चूकच होते. संयम आणि एकनिष्ठा ही या रोगाविरुद्धची सर्वांत भक्कम ढाल आहे, हेही निर्विवाद आहे. परंतु त्या वादानंतर संस्कारांचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःची पर्यायी भाषा घडवली का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. पुस्तिका मागे गेली आणि तिच्या जागी मौन आले. मध्यमवर्गीय घरातील मुलाला त्या मौनाचा फारसा तोटा झाला नाही. त्याला आई-वडील आहेत, डॉक्टर आहेत, हातात माहितीचे साधन आहे. तोटा झाला तो उसाच्या फडातील मुलाचा.

संयम ही वनवासी समाजाला बाहेरून शिकवावी लागणारी गोष्ट नाही. काठीच्या राजवाडी होळीत बावा-बुध्या होणारे तरुण 'पालनी' पाळतात. त्या दिवसांत ते जमिनीवर झोपतात आणि ब्रह्मचर्याचे व्रत निष्ठेने सांभाळतात. ज्याने हे पाहिले आहे तो या समाजाला असंयमी म्हणण्याचे धाडस करणार नाही. मात्र त्या व्रतामागे संपूर्ण गाव उभे असते. देव असतो, वडीलधारे असतात, ढोल असतो, व्रतभंगाची लाज असते आणि व्रतस्थाविषयीचा आदर असतो. तोच तरुण अनोळखी मुलखात, मुकादमाच्या हुकमाखाली, दारूच्या गुत्त्याशेजारी पाच महिने काढतो तेव्हा त्याच्यामागे यातील काहीही नसते. संस्काराला घर लागते, गाव लागते. ज्याचे दोन्ही हिरावले गेले त्याला केवळ उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे नियम सांगणे होय. त्याला त्या क्षणी दोर हवा असतो. निरोध हा तो दोर आहे. १९६८ पासून सरकार ज्या वस्तूचा प्रचार कुटुंबनियोजनासाठी करत आले, तीच वस्तू प्राणरक्षणासाठी एका बेघर तरुणाच्या हाती द्यायला कार्यकर्त्याचा हात अडखळत असेल, तर ती अडचण कार्यकर्त्याने स्वतःशी सोडवली पाहिजे. तिची किंमत त्या तरुणाने का मोजावी? दोर दिल्याने पोहण्याचे महत्त्व कमी होत नाही.

दुसरा अडसर बहिष्काराचा आहे. एचआयव्ही हा एकत्र जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, डास चावल्याने वा खोकल्याने पसरत नाही, हे वर्षानुवर्षे सांगूनही बाधिताला वेगळे ताट मिळते. बेघरपणामुळे रोग येतो, तसा रोगामुळे बेघरपणाही येतो. बाधित सुनेला माहेरी पाठवले जाते, आई-बापांविना राहिलेल्या मुलाला भाऊबंद दाराबाहेर काढतात. म्हणूनच संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई केली आहे आणि अठरा वर्षांखालील बाधिताला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. परंतु घरातील मायेची जागा कायद्याचे कलम भरून काढू शकत नाही.

संघपरंपरेला या प्रश्नाचे उत्तर नवीन नाही. सदाशिवराव कात्रे हे स्वतः कुष्ठरोगाने ग्रासलेले स्वयंसेवक. ज्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर टाकले जाई आणि त्याचा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जाई, त्या काळी, १९६२ मध्ये, त्यांनी चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. पुढे दामोदर गणेश बापट यांनी आपले आयुष्य त्याच कामात वेचले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. चांप्याला कोणत्याही रुग्णाला रोग कसा झाला, याचा जाब विचारला गेला नाही. एचआयव्हीबाधिताला तो जाब आज का विचारला जावा? महाराष्ट्रातही हे व्रत घेतलेली माणसे आहेत. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी 'पालवी'तून आणि लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालया'तून बाधित बालकांना घर दिले. हासेगावात सुरुवातीला विरोध झेलावा लागला, तरी काम थांबले नाही. दुर्गम भागात कोणी अन्य हेतू मनात धरून सेवेला पोहोचले की आपल्याकडे संताप व्यक्त होतो. आपण तेथे आधी का पोहोचलो नाही, हा प्रश्न त्या संतापापेक्षा अधिक उपयोगी आहे.

पोहोचण्यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी स्पष्ट आहेत. सातपुड्यातील तरुण वर्षातून दोनदा हमखास गावी असतात, पावसाळ्यात आणि होळीला. महाशिवरात्रीच्या सुमारास सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे याहामोगी मातेची यात्रा भरते आणि त्यानंतर भोंगऱ्या बाजार व होळ्यांचा काळ येतो. या दिवसांत आरोग्य विभागाच्या फिरत्या चाचणी पथकाला जागा, दुभाषा आणि विश्वासाचा माणूस मिळवून देणे, हे स्थानिक कार्यकर्त्यांना शक्य आहे. सणाच्या मंगलतेला बाधा येऊ नये याची काळजी घेऊन, गावपाटील, भगत आणि पुजारी यांना बरोबर घेऊनच हे काम व्हावे. त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते कोणत्याही पत्रकाला नाही. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलच्या तपासण्या घरोघर पोहोचल्या आणि रक्त तपासून घेण्याची भीती कमी झाली. त्या अनुभवाचा पाया येथे तयार आहे. धोकादायक प्रसंगानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष आली तरी ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते आणि अत्याचार झाला असेल तर ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास संसर्ग टाळता येतो, या दोन गोष्टी प्रत्येक टोळीतील किमान एका तरुणाला पाठ असल्या पाहिजेत.

दिवाळीनंतर निघणाऱ्या टोळ्यांबरोबर औषधे आणि हस्तांतरणाचा कागद गेला पाहिजे आणि पलीकडे, गुजरातेतील पडावांवर, कोणीतरी त्याची विचारपूस केली पाहिजे. दोन्ही राज्यांत शाखा आहेत, सेवाकार्ये आहेत. राज्याची सीमा सरकारी खात्याला अडवते, संघटनेला अडवण्याचे कारण नाही. पडावावर शौचालय, दिवा आणि मुलींसाठी बंदिस्त निवारा यांचा आग्रह कारखान्यांकडे धरला पाहिजे. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, २०२० मध्ये तो विषय नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. निवासाची जबाबदारी कागदावर वर्षानुवर्षे आहे, ती फडापर्यंत आलेली नाही. शहरांत लोकसंख्येच्या दर एक लाखामागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले होते. आपल्या शहरात तो कुठे आहे आणि त्यात रात्री कोण झोपते, हे किती नागरिकांनी पाहिले आहे? स्थानकावर एकटे दिसणारे मूल १०९८ या क्रमांकावर कळवता येते. 'समतोल'सारखी संस्था गेली दोन दशके फलाटावरची मुले पुन्हा आई-बापांकडे पोहोचवत आहे. फलाटावरून घरी परतलेल्या प्रत्येक मुलाबरोबर एक संभाव्य संसर्ग टळतो, याची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात होत नाही.

दारूचा प्रश्न याच मालिकेतील आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, असे सांगितले आणि हजारो वनवासींनी ते ऐकले. ती चळवळ त्यांच्यातून उठली होती, त्यांच्या भाषेत बोलत होती, म्हणून ती पोहोचली. आजच्या आरोग्यसंदेशालाही तोच मार्ग घ्यावा लागेल. अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत शिकून पुढे गेलेले वनवासी तरुण-तरुणी या कामाचे नेते व्हावेत. शहरातून आलेल्यांनी त्यांच्या पाठीशी राहावे.

मूळ उपाय अर्थातच स्थलांतर थांबवण्याचा आहे. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने जंगल राखले, पाणी अडवले आणि गावातील माणसे गावात राहिली. त्या कामाचे प्रवर्तक, वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याचे वर्णन जलसंधारणाचे यश म्हणून केले जाते. ते आरोग्याचेही यश आहे, कारण आपल्या शेताच्या बांधावर, आपल्या छपराखाली निजणाऱ्या तरुणाला फलाटाचे आणि फडाचे धोके गाठत नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीसारखी गावे गेली त्या अक्कलकुवा तालुक्यात पाण्याच्या वेदना अधिक खोल आहेत. तेथे बारीपाडे उभी करायला पिढी लागेल. तोवर दर दिवाळीला गाड्या भरून जातच राहतील आणि तोवर त्या गाड्यांतील मुला-मुलींच्या रक्षणाची जबाबदारी टाळता येणार नाही.

मध्यमवर्गीय घरांत रोज सकाळी चहात पडणारी साखर कुठल्या तरी फडातून आलेली असते. तो ऊस तोडणारी सतरा वर्षांची मुलगी रात्री कुठे झोपली, हा प्रश्न त्या चहाबरोबर मनात यावा. घरोघरच्या मातांनी आपल्या मुलांशी या विषयावर संकोच सोडून बोलावे, कार्यकर्त्यांनी बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, डॉक्टर बंधू-भगिनींनी वर्षातले आठ दिवस मोलगीच्या डोंगराला द्यावेत. येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्यापूर्वी अक्कलकुव्याच्या किती पाड्यांवर आपला माणूस जाऊन आला, हे प्रत्येक शाखेला सांगता आले पाहिजे.